साडूंची बर्फउकरणी

अख्ख्या आखातात बर्फाशी वैर धरलेला माणूस एकच आहे आणि दुर्दैवाने तो माझा साडू आहे. ‘दुर्दैवाने’ हा शब्द सवयीने आला. चारचौघांत मी त्यांच्याबद्दल असाच बोलत आलोय, कारण सासुरवाडीतली माझी ‘शहाणा जावई’ ही पदवी सगळी त्यांच्या वेडेपणावर उभी आहे. ती राखायची म्हणून एक गोष्ट मी आजवर बायकोलासुद्धा सांगितली नाही: मला हा माणूस फार आवडतो. इतकी वर्षं मनाला खात होतं, आता लिहूनच टाकतो.

साडू राहतात शारजात आणि दुबईच्या अल क्वोजमधलं एक गोदाम सांभाळतात. धडधाकट वस्तू समोर असली की त्यांना करमत नाही. आमच्याकडे आले की चहाआधी स्क्रूड्रायव्हर मागतात. आमच्या दाराची बेल त्यांनी इतकी सुधारली आहे की आता ती शेजाऱ्यांकडे पाहुणे आले तरी वाजते. एकदा मॉलमध्ये ट्रॉलीचं चाक कुरकुरतं म्हणून ते ट्रॉली आडवी करून तिच्याशेजारी मांडी घालून बसले. सिक्युरिटीवाला धावत आला, तर त्यालाच म्हणाले, “हबीबी, जरा टॉर्च पकडो.” त्याने पकडला! मी मात्र दोन दुकानं पलीकडे जाऊन, मला नको असलेले बूट निरखत उभा होतो.

बर्फ त्यांच्या आयुष्यात आला तो एका व्हिडिओतून. त्यांच्या ऑफिसातली एक पोलिश इंजिनीअर दर हिवाळ्यात जॉर्जियाला जाते आणि पायांत स्की घालून डोंगर चढते. हो, चढते. स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या चिकटवायच्या, म्हणजे मागे घसरत नाही, आणि माणसाचा मागमूस नसलेल्या डोंगरात चालत राहायचं. कँटीनमध्ये सगळे तिचे डोंगर बघत होते. साडूंना दिसलं ते एवढंच, की बाई सारखी थांबून काठीने स्वतःच्याच स्की बडवतेय. चौकशी केल्यावर कळलं, स्कीवर बर्फाचे गोळे बसतात आणि पाय मणामणाचे होतात. त्याहून वाईट म्हणजे बुटाचं टोक धरणाऱ्या चिमट्याखाली बर्फ दाबून बसला की चिमटा नीट मिटत नाही आणि भर उतारावर स्की पायातून निसटू शकते. “एवढी इंजिनीअर, आणि धुणं धोपटल्यासारखी धोपटते?” साडू फोनवर मला म्हणाले. बाहेर जुलै भाजत होता.

बाईने हौसेने एक जुनी स्की आणून दिली. साडूंनी करवतीने तिचा चिमट्याचा तुकडा कापला आणि घरच्या डीप फ्रीझरमध्ये, सुरमईच्या शेजारी, पाणी शिंपडून ठेवला. मग हत्यारं सुरू झाली. पहिलं ताईंच्या, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीच्या, उलथन्याचं. त्याने स्कीला ओरखडे पडले. मग गाडीच्या वायपरचं, मग भिंतीच्या भेगांत लांबी भरायच्या पट्टीचं. पुढच्याला लेक किंचाळली, “बाबा, दॅट्स माय टूथब्रश!”

“होता,” साडू म्हणाले.

तोडगा निघाला तो जेवताना. खेकड्याचं कालवण होतं. नांगी हातात धरून साडू एकदम थांबले.

“साडू, आपण खेकडा बडवतो का?”

“आधी फोडतो,” मी म्हणालो.

“आणि फोडल्यावर?”

“उकरतो.”

“यल्ला!” म्हणून ते खरकट्या हाताने बाल्कनीतल्या आपल्या कारखान्याकडे पळाले. ताईंचा भाजी चिरायचा पांढरा प्लॅस्टिकचा पाट कापून त्याची धार एका बाजूला, नारळाच्या काथ्याचा कुंचा दुसऱ्या बाजूला आणि टोकाला चमच्याच्या दांडीचा वाकवलेला आकडा. नाव ठेवलं बर्फउकरणी.

पाट गेला तेव्हा मात्र ताईंचा संयम सुटला. “या हिवाळ्यात ही उकरणी तिकडे चालली तर चालली. नाही चालली तर बाल्कनीतलं सगळं खलास! मला कपडे वाळत घालायला जागा नाही.”

“कबूल,” साडू आवेशात म्हणाले. “पुन्हा कानस हातात धरणार नाही.” बोलून गेले आणि मग पान अर्धवट टाकून उठले. “ताईंचं बरोबर आहे,” असं मी तोंडाने म्हणालो आणि मनात देव पाण्यात ठेवले.

हिवाळा लागला तशी बाई उकरणी घेऊन जॉर्जियाला गेली. बरेच दिवस काही कळेना. मग एका संध्याकाळी आम्ही दुबईहून शारजाला येताना नेहमीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो. गाडी मी चालवत होतो, शेजारी साडू, मागे ताई. फोन वाजला. व्हिडिओ होता. साडूंचा धीर होईना, त्यांनी फोन मागे दिला.

“बडवतेय हो तुमची बाई,” ताई म्हणाल्या.

साडूंनी डोळे मिटले.

“थांबा. बूट बसत नाहीये तिचा. आता काहीतरी काढलं... अगंबाई, माझा पाट!”

मग ‘खट्’ असा चिमटा मिटल्याचा आवाज आला. स्वच्छ, कुलूप लागल्यासारखा. पाठोपाठ आरडाओरडा. साडूंनी फोन हिसकावला. बाईमागे तिचे सोबती आपापल्या स्की घेऊन पंगतीला बसल्यासारखे ओळीत उभे होते आणि उकरणी हातोहात फिरत होती.

साडूंनी काच खाली केली आणि शेजारच्या पिकअपवाल्या पठाणाला ओरडून सांगितलं, “भाईसाब, चल गया!”

“क्या चल गया? सिग्नल?”

“मेरा औजार! बरफ में!”

पठाणाने आकाशाकडे बघितलं, साडूंकडे बघितलं आणि दिलदारपणे हॉर्न दाबला. “मुबारक हो!” मागच्या गाड्यांनीही उगाच हॉर्न वाजवले.

“शाब्बास, साडू!” मी स्टिअरिंगवर हात आपटून ओरडलो. आरशात ताई माझ्याकडे बघत होत्या. “तुम्हीसुद्धा?” त्या म्हणाल्या आणि हसायला लागल्या. “घ्या बाई, बाल्कनी तुमची. मी बांधीन दोरी बाथरूममध्ये.” माझी पदवी तिथेच, त्या रस्त्यावर गेली. हलकं वाटलं.

व्हिडिओ अजून चालूच होता. ती माणसं आता वर निघाली होती. बोलणं नाही, फक्त स्की सरकल्याचा आवाज आणि वारा. साडू फोन डोळ्यांपाशी धरून बघत होते.

“एवढी शांतता असते का हो तिकडे?” त्यांनी विचारलं. त्यांचा इतका हळू आवाज मी कधी ऐकला नव्हता.

“एकदा जाऊ या की.”

साडूंनी दुखऱ्या गुडघ्यावरून हात फिरवला. “इन्शाल्ला,” म्हणाले. व्हायचं नाही हे दोघांनाही ठाऊक असतं तेव्हा ज्या सुरात म्हणतात, त्या सुरात.

गाड्या हलल्या. साडूंनी व्हिडिओ पुन्हा लावला, उकरणीचा भाग बोटाने पुढे सरकवला, आणि ती माणसं पांढऱ्यात लहान लहान होत जातात तेवढंच शारजा येईपर्यंत बघत राहिले.