राणीच्या बांगड्या

लोणी भापकरहून आम्ही बारामतीच्या बाजाराला जायचो, तिथं एक कासार बसायचा. त्याचं नाव कधी विचारलं नाही, पण त्याची बोटं आठवतात. बांगडी भरताना तो हाताकडं बघायचाच नाही. तोंडाकडं बघत गप्पा मारायचा, तोवर बांगडी मनगटात आलेली असायची.

एका साली तंबूत कुण्या राणीचा बोलपट आला आणि यानं आरोळी ठोकली, "राणीच्या बांगड्या!" बोलपटवाल्यांना त्याचा पत्ताही नसेल. त्यानं मला हिरव्या भरल्या, थोरल्या जावेला लाल. बोलपट आम्ही दोघींनीही पाहिला नव्हता. राणीच्या खऱ्या कुठल्या, यावरून एकाच चुलीपुढं बसून आमचा आठवडाभर अबोला.

पुढच्या बाजारी दोघी त्याच्यावर तुटून पडलो. तो हसला. "आक्का, पडद्यावर समदं काळं-पांढरंच दिसतं. राणीचा रंग कुणाला ठावं? ज्या हाताला जो शोभंल, त्यो राणीचा."

म्हातारपणी नातवानं आम्हा दोघींना त्याच राणीची गोष्ट रंगीत पडद्यावर दाखवली. तिच्या हातात निळ्या बांगड्या होत्या.

"ह्या न्हायत!" आम्ही दोघी एकदमच ओरडलो.