गच्चीवरचा कनेक्टर

महाडच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी तीस वर्षं नोकरी केली. त्यातली बरीचशी वर्षं कापडे गावच्या एका लाइनमनशी माझं रोज बोलणं व्हायचं. पोलादपूरच्या बाजूला कुठल्यातरी खांबावर चढून, तारेला टेस्टिंगचा फोन लावून ते विचारायचे, "बाई, येतंय का ऐकू?" मी म्हणायचे, "येतंय, दादा." एवढंच. समोरासमोर आम्ही चार-पाचदाच भेटलो असू.

निवृत्त झाल्यावर मी हौशी रेडिओच्या परवान्याची परीक्षा दिली. पावसात वीज गेली, मोबाइल बंद पडले की आमच्याकडे एका खोऱ्यातल्या माणसाला दुसऱ्या खोऱ्यातलं काही कळत नाही. ते दिवस मी पाहिले होते. पण एकटीनं रेडिओ लावून बोलायचं कुणाशी? मी दादांना फोन केला. "आता ह्या वयात परीक्षा?" ते म्हणाले, पण बसले. दुसऱ्या खेपेला पास झाले. विहारामागच्या आमच्या घराच्या गच्चीवर एक अँटेना आणि त्यांच्या घरामागच्या टेपाडावर एक, असं ठरलं. रोज सकाळी आठ वाजता बोलायचं.

मग प्रश्न आला कनेक्टरचा. रेडिओपासून अँटेनापर्यंत जी जाड काळी केबल जाते, तिच्या दोन्ही टोकांना कनेक्टर लागतात. जुना, जाडजूड, हातानं फिरवून बसवायचा एक प्रकार असतो, त्याला सगळे पीएल म्हणतात. दुसरा एन, जोडायला किचकट, पण त्याच्या आत पाणी अडवणारी रबराची कडी असते. माझ्या रेडिओला मागं पीएलचंच तोंड होतं, अँटेनालाही तेच आलं होतं. मी सगळीकडे पीएलच घ्यायचं ठरवलं. दादा महाडला आले तेव्हा कनेक्टरची पिशवी त्यांच्यापुढं ओतली.

त्यांनी एक उचलून फिरवून पाहिला. "घरात चालंल हा, बाई. भायेर नाय चालायचा."

"अहो, पुस्तकात कोष्टक आहे. दोन्हीतल्या सिग्नलच्या तोट्यात फारसा फरक नाही."

"तोट्याचं नाय म्हणत मी. पाण्याचं म्हणतोय."

"वरून टेप गुंडाळू की."

त्यांनी कनेक्टर पिशवीत परत टाकला. नोकरीतही तसंच होतं. मी खुर्चीवर, ते खांबावर. वाद घालायची त्यांना सवय नव्हती आणि ऐकून घ्यायची मला नव्हती.

उन्हाळाभर छान चाललं. मधे डोंगर, त्यामुळे आवाज बेताचाच यायचा, पण शब्द न शब्द कळायचा. आषाढात तो खरखरायला लागला. श्रावण लागला तेव्हा दादांचं निम्मं बोलणं वाऱ्यावर जात होतं. बिघाड कुठल्याही टोकाला असला तरी दोघांनाही कमीच ऐकू येतं, हे मला माहीत होतं. तरी मी धरून चालले की बिघाड त्यांच्याकडेच आहे. टेबलावर माझा मीटर होता. अँटेनाकडे पाठवलेल्यातलं परत किती येतंय ते तो दाखवतो; जास्त आलं की बिघाड आपल्याच टोकाला. त्याच्याकडे मी एकदाही नीट बघितलं नाही.

एका सकाळी मी चिडून म्हणाले, "दादा, बटणं नीट दाबताय ना? जमत नसेल तर सांगा, माणूस पाठवते."

दुसऱ्या दिवशी आठ वाजता मी तीनदा हाक मारली. उत्तर नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. फोन केला तर वहिनींनी उचलला. "शेतावर गेलेत," म्हणाल्या. आठ वाजता ते शेतावर नसतात हे मला ठाऊक होतं.

आठवड्यानं पावसाला जरा उघाड पडली. मीटर पुसला, पुन्हा एकदा हाक मारून पाहिली आणि काटा भलतीकडेच गेलेला दिसला. गच्चीवर गेले, टेप सोडली, कनेक्टर फिरवून काढला. आतून काळं पाणी हातावर आलं. केबलमधली तांब्याची जाळी हिरवी पडली होती.

तो कनेक्टर तसाच कागदात गुंडाळला, एनची पिशवी घेतली आणि पोलादपूरची एसटी धरली. तिथून कापड्यापर्यंत रिक्षा. दादा पडवीत बसले होते. मला बघून उठले. मी कागद उघडून त्यांच्या हातात दिला.

"माझ्याकडचा आहे," मी म्हणाले. "चूक माझी होती. आणि तुम्हाला बोलले ते तर फारच चुकलं."

त्यांनी कनेक्टर उजेडाकडे धरला. वास घेतला. मग विचारलं, "टेप वरून खाली गुंडाळलीत का खालून वर?"

"वरून खाली."

"कौलं कशी घालतात? खालून वर. वरचं पाणी खालच्यावर पडून निघून गेला पायजे. तुम्ही पाण्याला आत जायला वाट करून दिलीत." आणि ते हसले. एवढ्यावरच त्यांनी माझी सुटका केली.

टेपाडावर जाऊन पाहिलं, तर त्यांच्याकडचा जोडही खराब व्हायला लागला होता. "एन लावूया," मी म्हणाले. त्यांनी उजवा हात पुढं केला. बोटं थरथरत होती. तोवर मला हे माहीतच नव्हतं. आवाजात हात दिसत नाही. "वर्ष झाला," ते म्हणाले. "मी सांगतो, तुम्ही करा."

केबल मी चकचकीत तांबं दिसेपर्यंत कापत गेले. जाळी मोकळी केली, मधल्या तारेला सोल्डरनं पिन बसवली आणि अभिमानानं वर पाहिलं. दादा शांतपणे जमिनीकडे बघत होते. कनेक्टरचा नट तिथंच पडला होता. तो सगळ्यात आधी केबलमध्ये ओवायचा असतो.

"आधी सांगायचं ना!"

"एकदा चुकलात म्हंजे जन्मात इसरणार नाय."

पुन्हा कापली, पुन्हा केली. अँटेनाचं तोंड बदलायचा कंटाळा येऊन मी मधे अडॅप्टर घालायचा विषय काढला, तर त्यांनी नुसती नकाराची मान हलवली. तोंडही बदललं. घरात, रेडिओच्या मागं, पीएल राहू दिला. वहिनींनी तांदळाच्या भाकऱ्या केल्या होत्या. एका डोळ्यानं त्यांना कमी दिसत होतं. ताट वाढताना त्या चाचपत होत्या. दुसऱ्या दिवशी माझ्या गच्चीवरचं काम मी एकटीनं केलं.

भाद्रपदात वहिनींच्या त्या डोळ्याचं ऑपरेशन महाडला झालं. लेक सोबत होती. दादा जनावरांचं करायला घरी थांबले होते, आणि त्याच दिवशी पावसानं रस्त्यावर दरड आली. कापड्यात वीज नाही, मोबाइल नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर मी दवाखान्यात जाऊन आले. आठला त्यांची बॅटरीवरची हाक आली, अगदी स्वच्छ.

"पट्टी काढली, दादा," मी सांगितलं. "वहिनींना दिसतंय. भिंतीवरचं कॅलेंडर त्यांनी वाचून दाखवलं."

पलीकडून आधी त्यांच्या पत्र्यावरचा पाऊस ऐकू आला, मग आवाज.

"काय म्हणाली?"

"म्हणाल्या, म्हशीला वेळेवर पेंड घाला. आणि पायऱ्यांवर शेवाळ आलंय, जपून उतरा."

"परत सांगा, बाई. नीट नाय आला."

माझ्या मीटरचा काटा जागच्या जागी होता आणि त्यांचा शब्द न शब्द समोर बसल्यासारखा कळत होता. मी पुन्हा सगळं सांगितलं, पट्टीपासून.