श्रीरंगचं तेराशे अठ्ठ्याण्णव

फोन आला तेव्हा मी सिंगापूरला, जुरोंग ईस्टच्या माझ्या ऑफिसात एका मीटिंगमधून बाहेर पडत होते. श्रीरंग, माझा नवरा, जेवून परत येताना त्याच्या ऑफिसच्या लिफ्टपाशी कोसळला होता. मी हॉस्पिटलमध्ये पोहोचेपर्यंत सगळं संपलेलं. डॉक्टर हळू आवाजात समजावत होते आणि मी प्रोजेक्टची माहिती घ्यावी तशी मान हलवत होते. सह्या केल्या, मुलीच्या, इराच्या शाळेत कळवलं. मग पुण्याला सासूबाईंना सांगायचं म्हणून नंबर काढला आणि... थांबले. तिकडे भर दुपार होती, आई जेवून पडल्या असतील. मी फोन पर्समध्ये ठेवून दिला.

मी का थांबले हे सांगायचं तर श्रीरंगचं खूळ सांगायला हवं. लोकांचे नवरे क्रिकेट बघतात; माझा दिवसभर कॉम्प्युटरवर काम करायचा आणि संध्याकाळी तेराशे अठ्ठ्याण्णव साली राहायला जायचा. भाडं मात्र क्वीन्सटाउनच्या फ्लॅटचं भरायचा! लायब्ररीत एकदा एक जाडजूड पुस्तक हाती लागलं, त्यात हे वर्ष भेटलं, आणि मग सुटलंच नाही. त्याची पद्धतही जगावेगळी. जानेवारीत त्या जानेवारीतलंच वाचायचं, पुढे डोकवायचं नाही. डिसेंबर उलटला की पुन्हा पहिल्यापासून. "अरे, पुढच्या वर्षात जा की कधीतरी," मी चिडवायचे. "हेच कुठे संपलंय?" हे त्याचं ठरलेलं उत्तर. इतक्या शांतपणे द्यायचा की मला रागच यायचा.

एका रविवारी आम्ही पुलाउ उबीन बेटावर सायकली चालवायला गेलो होतो. परतीच्या बोटीची वाट बघत जेटीवर बसलो आणि याचं सुरू झालं. "त्याच वर्षी हे सिंगापूरही जळलं म्हणतात. सालाबद्दल भांडणं आहेत, पण माझ्या सोयीचं आहे म्हणून मी धरतो. आपल्याकडे दुर्गादेवीचा दुष्काळ चाललेला. आणि तिकडे नानजिंगला चीनचा बादशहा वारला. आता विचार कर मृणाल, ती बातमी जहाजानं इथे येईपर्यंत इथल्यांच्या लेखी तो जिवंतच! त्याच्याच नावानं माल चढतोय-उतरतोय."

"बरं, मग?"

"मग काही नाही. मला ते मधले दिवस आवडतात."

"बाबा, एव्हरीबडी डाय ऑलरेडी, लाह!" इरा कंटाळून तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, आणि सगळ्यात जास्त तोच हसला.

हॉस्पिटलच्या बाकावर मला ते मधले दिवस आठवले. माझ्यासाठी श्रीरंग गेला होता, पुण्यात तो अजून होता. आई उठतील, तोंड धुतील, चहा घेतील... तेवढा वेळ मी त्यांना दिला. चहा झाला असेल असं वाटल्यावर फोन केला.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या. सगळं पार पडल्यावर एका सकाळी त्यांनी विचारलं, "तुला आधीच कळलं होतं ना? मग मला लगेच का नाही सांगितलंस?" मी होतं तसं सांगितलं. हातातला कप त्यांनी खाली ठेवला. "माझा मुलगा गेला आणि मी पंखा लावून झोपले होते गं. उठून आल्याचा चहा केला, शेजारणीशी हसले." त्यानंतर माझ्याशी कामापुरतंच बोलायच्या. मला वाईटही वाटलं नाही. भेटायला येणारे म्हणायचे, मृणाल खंबीर आहे. खंबीर कसली! आत काही हलतच नव्हतं. इराचा डबा भरत होते, इथे राहायचे आमचे पास त्याच्या नोकरीवर, ते आता रद्द होणार म्हणून सामान आवरत होते, आणि रडू म्हणून येत नव्हतं.

आई श्रीरंगच्या पुस्तकांच्या खोलीत झोपतात. रोज संध्याकाळी ऑफिसातून घरी चालत येताना तो त्यांना फोन करायचा आणि त्या विचारायच्या, "आज काय झालं रे तिकडे?" तिकडे म्हणजे त्या वर्षात. गेल्या आठवड्यात त्यांनी मला आत बोलावलं. ते जाड पुस्तक त्यांच्या मांडीवर होतं. "मला हे इंग्रजी झेपत नाही. त्यानं खूण ठेवलीय, तिथून पुढचं सांग. आज काय झालं तिकडे?"

मी शेजारी बसून पानं चाळली. "तैमूरनं सिंधू ओलांडलीय, आई. पंजाबात शिरलाय."

"दिल्लीतल्या लोकांना कळलं?"

"तो त्यांच्यावरच येतोय, हे एवढ्यात नाही कळायचं."

डिसेंबरात दिल्लीत कशी कत्तल होते ते मला ठाऊक होतं. श्रीरंगनं दर वर्षी सांगितलेलं. सवयीनं मी पान उलटायला गेले, तर आईंनी त्यावर हात ठेवला.

"राहू दे. आजच्या दिवस सुखानं जेवू देत बिचारे."

मी पुस्तक मिटलं. बाहेर इराचं टीव्हीशी काहीतरी बोलणं चाललं होतं. आई खिडकीकडे बघत होत्या. माझ्याकडे न वळता म्हणाल्या, "मलाही तू झोपू दिलंस."