ओंजळीतलं औषध

"ए जंताळे! ओंजळ कर. पेल्याले बोट नाही लागलं पाह्यजे."

गुरुजींची ही हाक. मला नाव होतं, हजेरीत लिहिलेलंही होतं. पण वर्गात मी जंताळीच.

मराठी मुलखाचं नवं राज्य नुकतंच झालं होतं आणि मेहकरकडच्या आमच्या गावात नर्सबाई शाळेत जंताचं औषध द्यायला आल्या होत्या. जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, छोटा पेला, आत मापाची रेघ. गावातल्या पोरांना पेल्यातून. महारवाड्यातल्या आम्हा चौघींना वरून, ओंजळीत. गोड, चिकट औषध. अर्धं बोटांच्या फटींतून मातीत गेलं. मी कोपरावरचा ओघळ चाटला. पोरं खदखदली.

माझं पोट फुगलेलं, हातापायांच्या काड्या. झोपेत दात खायची. माय म्हणायची, "पोरीचं अन्न किडेच खाऊन राह्यले." वर्गात डोळे मिटायचे. तेराचा पाढा काही केल्या बसेना. गुरुजी म्हणायचे, हिच्या डोक्यातही जंतच. मला ते खरं वाटायचं. आज त्याचाच राग जास्त येतो.

सहा महिन्यांनी नर्सबाई पुन्हा आल्या. गावातली पोरं सुधारली होती. आम्ही तशाच.

"पाहा बाई," गुरुजी म्हणाले, "औषध देऊन बी या पोरीयचे जंत जात नाहीत. यायचं रक्तच तसं हाय."

नर्सबाईंनी पेला रेघेपर्यंत भरून टेबलावर ठेवला. मी ओंजळ केलीच नाही.

"मले मापानं भेटलंच नाही, गुरुजी. अर्धं तं मातीनं पेलं."

टेबलावरचा तो पेला मी उचलला आणि एका दमात प्याले. मनगटावर छडी बसली. पेला गुरुजींनी खिडकीतून उकिरड्यावर भिरकावला. माझ्या तिन्ही मैत्रिणींनी मुकाट्यानं ओंजळी पुढे केल्या. बाटलीतून थेट, पुन्हा अर्धं मातीत. त्यांच्यासाठी मी काहीच बोलले नाही. तो सल अजून आहे.

तिसऱ्या दिवशी माझे जंत पडले. हळूहळू पोट उतरलं, शाळा सुटेपर्यंत जाग राहू लागली. तेराचा पाढा बसला. माझं डोकं चांगलंच होतं. उपाशी होतं, एवढंच. त्या तिघींची शाळा मात्र त्याच वर्षी सुटली.

उकिरड्यावरचा पेला मी तेव्हाच उचलून आणला होता. आता मीच नर्सबाई आहे. एसटीनं गावोगाव जाते, पाय दुखतात, तेच ते सांगून तोंड दुखतं. परवा एका शाळेत मास्तर हळूच म्हणाले, "बाई, त्या पोराईले ओंजळीत देजा."

मी तोच पोचे पडलेला पेला काढला. आधी त्याच पोरांना त्यातून पाजलं. मग धुऊन पुढच्या रांगेकडे केला.

पेला एकच राहील. माप एकच राहील. ज्यांना चालत नसेल त्यांनी आपले जंत आपल्या घरी सांभाळावेत.