सुपर प्लस

‘काही होत नाही, घाला,’ हे शब्द माझे होते. आजवर हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही.

२०१५च्या आसपासची गोष्ट. जर्मनीत इंगोलश्टाटला आमच्या खालच्या मजल्यावर एक म्हातारे गृहस्थ एकटेच राहायचे. कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले, बायको वारलेली, मुलगी त्याच गावात. गावच्या शुट्झनफेराइनमध्ये, म्हणजे नेमबाजांच्या क्लबात, रेंजवर देखरेख करायचं काम त्यांच्याकडे होतं. रेंजच्या किल्ल्या कमरेला लावून फिरायचे. त्यांच्याकडे बघितलं की वाटायचं, हा माणूस या किल्ल्यांवरच उभा आहे. शनिवारी ते मलाही ओढून न्यायचे. ‘‘घरी बसून भात खाशील नुसता,’’ म्हणायचे. क्लबात मला सगळे ‘हेर इंजिनिअर’, म्हणजे इंजिनिअरसाहेब, म्हणून चिडवायचे. मला ते चिडवणं आवडायचं, हेही सांगून टाकतो.

त्या शनिवारी त्यांच्या हातात काडतुसांचा एक अमेरिकी डबा होता. कुणीतरी नेमबाजी सोडताना त्यांना देऊन गेलेला. रेंजवर आम्ही दोघंच होतो. त्यांचं पिस्तूल जुनं, सासऱ्यांकडून आलेलं. डब्यावर त्यांच्या नेहमीच्याच काडतुसाचं माप छापलेलं होतं, पण त्यापुढे अधिकचं चिन्ह आणि इंग्रजी ‘पी’ हे अक्षर होतं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

‘‘आल्झो, हेर इंजिनिअर, हे प्लस काय आहे? नेहमीचीच घालू की ही?’’

मला माहीत नव्हतं. ‘माहीत नाही’ एवढंच म्हणायचं होतं. पण सकाळीच मी गाडीत पेट्रोल भरून आलो होतो. तिथे पंपावर ‘सुपर’ असतं आणि शेजारी ‘सुपर प्लस’. साध्या गाडीत सुपर प्लस भरलं तर इंजिनाचं काही बिघडत नाही. मी पटकन म्हणालो, ‘‘पेट्रोलसारखंच. सुपर प्लस. जरा भारीतलं. काही होत नाही, घाला.’’

‘‘गेनाऊ?’’ नक्की?

‘‘गेनाऊ.’’

मी आयुष्यभर गाडीच्या सीटखालचे रूळ डिझाइन करत आलो. इंजिनाशीही माझा संबंध नाही, पिस्तुलाशी तर नाहीच. आणि तो ‘पी’ होता प्रेशरचा. त्या काडतुसात दाब जास्त असतो, आणि तो सोसेल असं पिस्तूल लागतं. जुन्या पिस्तुलात नेहमीचीच घालायची. क्लबातल्या कुणालाही विचारलं असतं तर सांगितलं असतं.

पहिल्या काही गोळ्या सुटल्या. ‘‘लाथ मारतंय गाढव,’’ ते हसून म्हणाले. मग एक वेगळाच आवाज झाला. काडतूस आतच फाटलं, मुठीचं लाकूड फुटलं आणि त्याची ढलपी त्यांच्या तळहातात घुसली. मी टॉवेल गुंडाळला. ते मलाच म्हणत होते, ‘‘रूइश, रूइश.’’ शांत हो, शांत हो.

हात वाचला, पण अंगठा पुन्हा वळला नाही.

पुढे क्लबाची बैठक झाली. अध्यक्षांनी विचारलं, ‘‘डब्यावर स्पष्ट छापलंय. तुम्ही बघितलं नाहीत?’’ शेजाऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. उत्तर द्यायचं सोडून ते थांबले होते, माझ्यासाठी. मी टेबलावरच्या बिअरच्या ग्लासाखालची चकती फिरवत राहिलो. मग ते म्हणाले, ‘‘नाही. बघायचं राहिलं.’’

ज्याला डब्यावरचं दिसत नाही, त्याच्या हाती रेंज कशी ठेवायची? किल्ल्या काढून घेतल्या. मुलगी जिन्यात सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडली, ‘‘पापा, तुम्ही आता म्हातारे झालात, कबूल करा!’’ तेव्हाही मी दाराआड होतो.

बायको म्हणाली, ‘‘अहो, जाऊन या ना खाली. तुमच्यावर किती जीव आहे त्यांचा.’’ मी डबा भरून चकल्या घेऊन गेलो. त्यांनी डाव्या हाताने एक खाल्ली, हवापाण्याचं बोलले. मी तोंड उघडलं तसं म्हणाले, ‘‘लास.’’ राहू दे. मला तेवढंच हवं होतं.

माझ्या जर्मन नागरिकत्वाचा अर्ज तेव्हा चालू होता. पोलिसात नाव गेलं तर काय, असं मी स्वतःला सांगत आलो. खोटं आहे ते. मला फक्त त्या टेबलाभोवती मूर्ख ठरायचं नव्हतं. मूर्ख ते ठरले.

आता थकलोय मी हे सांभाळून. ते अजून तिथेच राहतात, क्लबात जात नाहीत. मुलीला अजूनही वाटतं, बापाची नजर आणि डोकं दोन्ही तेव्हाच गेलं. त्यांनी बघितलं होतं, विचारलंही होतं, आणि चुकीचं मी सांगितलं. हे त्या मुलीसमोर आणि त्या क्लबासमोर, ते जिवंत असताना, मी बोलून दाखवायचं आहे. तेवढं मी त्यांचं देणं लागतो.