आई ‘जाते’ म्हणाली

आमच्या आईसमोर निघताना ‘जाते’ म्हणायची सोय नव्हती. शेजारीण विळी मागायला आली तरी तिला उंबऱ्यावरून परत बोलवून ‘येते’ म्हणायला लावायची.

लकवा झाला आणि तिचं उजवं अंग गेलं. बोलणंही गेलं, चार शब्द तेवढे उरले. काही वर्षं अंथरुणात काढल्यावर छातीत कफ भरला, म्हणून आम्ही तिला गावाहून पेणच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, “आता गिळता येत नाही. पोटात नळी घालायची का? श्वास अडला तर मशीन लावायचं का? ठरवून सांगा.”

मी तेव्हा पन्नाशीची. पेपरातलं आरोग्याचं पान वाचून अर्धी डॉक्टर झालेली. चष्मा सावरून “सगळं करा” म्हणणार, तेवढ्यात आई म्हणाली, “जाते.”

आणि या शहाणीने तिला दटावलं. “आये, जाते नाय, येते म्हणावं.”

आईने अर्ध्या तोंडाने हसत माझ्याकडे पाहिलं. बेरीज चुकलेल्या पोरीकडे बघावं तसं. “जाते गो.”

“ताय, तिला शब्द सापडत नाय,” धाकटा भाऊ म्हणाला. “तोंडात येईल ते बोलते.”

डॉक्टर खाटेवर वाकले. “आजी, नळी घालू?”

“नाय.”

“मशीन?”

“नाय.”

“मग घरी?”

“व्हय,” आई म्हणाली, आणि चपला शोधाव्यात तसा डावा पाय हलवला.

भाऊ बाहेर येऊन रडला. “लोक म्हणतील, आईला उपाशी ठेवली.”

“त्यांना माझ्याकडे पाठव,” मी म्हटलं. “माझं तोंड कशाला आहे?”

डॉक्टरांनी धाप कमी करायची औषधं दिली. घरी मागच्या दारी, तिच्या वालाच्या वाफ्यासमोर खाट टाकली. त्याच वालाच्या बिरड्याचा रस बोटाने ओठांना लावला, तर तोंड वाकडं करून म्हणाली, “मीठ नाय.” दोन दिवसांनी सकाळी, माझ्या हातात हात असताना, तिचा श्वास थांबला.

बाराव्याला चुलत सासूबाईंनी विचारलंच, “नळी का नाय घातली गो?”

“आईला नको होती,” मी म्हटलं.

“तिला काय कळत होतं?”

“माझ्यापेक्षा जास्त,” मी म्हटलं, आणि त्यांच्या पानात आणखी भात वाढला. सही न येणाऱ्या माझ्या आईने आपलं शेवटचं स्वतः ठरवलं. आम्ही दोघांनी फक्त पेणहून गाडी केली.