छापून आलेलं मरण

माझ्या वडिलांच्या मृत्यूची जाहिरात मी वाचली, तेव्हा एक गोष्ट ताबडतोब लक्षात आली, की ती माझ्या जन्माच्या कितीतरी आधीची आहे. बाहेर बर्फ पडत होता. मी लंडनमधल्या, म्हणजे आमच्या ओंटारियोतल्या लंडनमधल्या घराच्या बेसमेंटमध्ये सकाळचा चहा घेऊन स्क्रीनसमोर बसलो होतो, आणि कपातला चहा तसाच निवत गेला.

रिटायर झाल्यावर हे काम मी आपणहून अंगावर घेतलं. मुंबईच्या एका जुन्या इंग्रजी वर्तमानपत्राची युद्धकाळातली पानं कोणीतरी स्कॅन करून ठेवली आहेत. जगभरातले आम्ही काही रिकामटेकडे म्हातारे त्यांतल्या जन्म, विवाह आणि मृत्यूच्या जाहिराती वाचून टाइप करतो, म्हणजे कोणाला पूर्वज शोधायचे असतील तर नाव टाकताच सापडावं. आयुष्यभर मी पुलांची डिझाइन्स केली. पूल कशाने कोसळतो, त्याखाली माणसाचं काय होतं, हे मला चांगलं ठाऊक आहे. त्यामुळे त्या जाहिरातींची गुळमुळीत भाषा वाचून माझ्या डोक्यात तिडीक जाते. कारवाईत मृत्यू. जखमांमुळे निधन. समुद्रात बेपत्ता, आता मृत समजण्यात येत आहे. म्हणजे तोफगोळ्याने पोट फुटलं, पाय सडला, टॉर्पेडोने बोट फुटली आणि हा इंजिनरूममध्ये भाजून मेला. एका साहेबाचं लग्न मी एका आठवड्यात टाइप केलं, महिन्याभराने त्याचं मरण, आणि पुढे त्याच्या मुलीचा जन्म. तिन्ही वेळा तोच टाइप, तीच लहानशी जागा, आणि शेजारी बिस्किटांची जाहिरात.

आपल्या माणसांच्या जाहिराती त्यात क्वचितच असत. ज्याला आपलं इंग्रजी दाखवायचं असे तोच तिथे जाई. म्हणून आमचं आडनाव दिसल्यावर मी पुढे सरकून पाहिलं. आडनाव आमचं, नाव वडिलांचं, गाव आमचं, हुद्दा लष्करी बांधकाम खात्यातल्या ओव्हरसियरचा, आणि खाली शोकाकुल म्हणून थोरल्या काकांचं नाव, गिरगावातल्या पत्त्यासकट. वडील लढाईत मरण पावले असं त्यात लिहिलं होतं. हेच वडील पुढे नागपूरला म्हातारे झाले, आणि मी कॅनडात आल्यावर दर पंधरा दिवसांनी मला खरमरीत पत्र लिहीत राहिले.

हे आईला विचारायचं, तर आईची ती वेळ नव्हती.

आई शंभरीला टेकलेली. वडील गेल्यावर मी तिला इकडे आणली, आणि गेली काही वर्षं ती केअर होममध्ये होती. त्या हिवाळ्यात ती वॉशरूममध्ये पडली आणि डोक्याला मागच्या बाजूला खोक पडली. जखम केसांखाली चिघळली. केस म्हणजे असे, की या वयातही कमरेपर्यंत, पांढरेशुभ्र, दाट. पू आणि रक्त वाळून त्यांची जट झाली होती. नर्सचं म्हणणं साधं होतं, मागचे केस मशीनने काढायचे आणि जखम धुवायची. पण मशीनचा आवाज ऐकताच माझी आई, जिला चमचा धरवत नव्हता, तिने नर्सच्या तोंडावर पाण्याचा जग मारला. दुसऱ्यांदा दोघी आल्या, तर तिने एकीचा अंगठा चावून रक्त काढलं.

मॅनेजरबाईंनी मला बोलावून घेतलं. "वी कान्ट हॅव धिस," त्या म्हणाल्या. सोमवारी डॉक्टर येणार होते. तोपर्यंत केस निघाले नाहीत तर औषध देऊन, हात बांधून काढणार, आणि नंतर तिला हिंसक पेशंटांच्या बंद वॉर्डात हलवणार.

"बांधणार म्हणजे?" मी विचारलं.

"फॉर हर ओन सेफ्टी, सर."

मला बाईंच्या टेबलावरची फुलदाणी उचलून भिंतीवर फेकावीशी वाटली. आईसारखाच आहे मी. तिच्या वयाला झोपेचं इंजेक्शन म्हणजे काय, हे मला कोणी सांगायला नको होतं. त्यातून ती उठली नसती, आणि उठली असती तरी हात बांधलेले पाहून संपली असती. जखम तशीच ठेवली तर विष अंगात भिनणार. त्यामुळे सोमवारच्या आत आईने कोणालातरी डोक्याला हात लावू द्यायला हवा होता.

आई मुळातच मारकुटी. नागपूरच्या घरी ओट्यावर तिच्या हाताशी खड्यांचा डबा असे, फक्त कावळ्यांसाठी. नेम अचूक. एकदा एक कावळा मेला, आणि त्याच्याभोवती बाकीचे जमून कलकलाट करू लागले, तर ही बाई पदर खोचून त्या सगळ्यांवर डबा रिकामा होईपर्यंत खडे मारत राहिली. वडिलांच्या वर्षश्राद्धाला गच्चीवर पान ठेवलं होतं. सगळे हात जोडून कावळ्याची वाट बघत होते. कावळा आला आणि आईने वरवंटा फेकला. पान फाटलं, भात उडाला, गुरुजी जिन्याकडे पळाले. आम्ही तिला वेडसर म्हणून सोडून दिलं. दुःखाने झालं, असं कोणीतरी म्हणालं, तेच सगळ्यांना सोयीचं पडलं.

जाहिरातीचं मी पुण्याच्या चुलत बहिणीला फोन करून विचारलं. ती थोरल्या काकांची मुलगी, माझ्याहून बरीच मोठी.

"अरे, ते होय," ताई म्हणाली. "काकांना, म्हणजे तुझ्या बाबांना, कावळा शिवला होता ना."

ब्रह्मदेशच्या आघाडीवर जाण्याआधी वडील दोन दिवस गावी आले होते. विहिरीवर आंघोळ करताना कावळा डोक्याला शिवून गेला. म्हणजे मरण आलंच. त्यावर उतारा एकच, माणूस मेल्याची खोटी बातमी जवळच्या नातेवाइकांना कळवायची. ते खरं समजून रडले की मरण फसतं आणि आयुष्य वाढतं. मग दुसरं पत्र टाकायचं, सुखरूप आहे म्हणून. घरोघर करत असत. गावच्या आजोबांनी तसंच कार्ड मुंबईला काकांना पाठवलं.

"आणि आमचे बाबा पडले साहेबाच्या ऑफिसात," ताई म्हणाली. "नुसतं रडून भागेना. भाऊ लढाईत गेला म्हणून इंग्रजी पेपरात दिलं. दुसरं कार्ड लष्करी टपालाच्या गर्दीत अडकलं. पुढे काकू आमच्या घरची पायरी कधी चढल्या नाहीत. का, ते मला कोणी सांगितलं नाही."

मला हसू आलं, खरं सांगतो. लढाईत माणसं किड्यांसारखी मरत होती आणि आमच्या आजोबांना धसका कावळ्याचा.

केअर होममध्ये आईला आंघोळ घालणारी पंजाबी मुलगी माझ्याशी हिंदीत बोलायची. शनिवारी ती म्हणाली, "अंकलजी, मेरी मौसी का कीमो हुआ, तो पूरी फॅमिलीने अपने बाल कटवा दिए. फिर मौसी भी मान गई." मला ते एकदम पटलं. इंजिनिअरच्या डोक्याला असं सोपं उत्तर फार लवकर पटतं.

घरी येऊन मी ट्रिमर काढला. बायको वॉशरूमच्या दारात उभी राहिली.

"अहो, काय करताय हे? आई आहेत अजून."

"आईसाठीच करतोय."

"आई असताना मुलाने डोकं करायचं नसतं. त्या बघतील तर काय वाटेल त्यांना?"

"तिला माझं नाव आठवत नाही, हे कुठून आठवणार?" मी ओरडलो, आणि ट्रिमर चालू केला. मग रेझर फिरवला. दोन जागी कापलं. बायको कापूस आणि डेटॉल ठेवून खाली गेली.

रविवारी दुपारी आईच्या खोलीत गेलो. ती खिडकीशी व्हीलचेअरवर बसली होती. पार्किंग लॉटपलीकडच्या झाडांवर कावळे जमायला लागले होते. हिवाळ्यात इथे ते संध्याकाळी थव्याने येतात. तिने उशी, चष्मा, जे हाताला लागेल ते काचेवर मारून खाली पाडलं होतं. मी तिच्यासमोर स्टूलवर बसलो, लोकरी टोपी काढली आणि म्हणालो, "आई, बघ, माझेही काढले."

तिने पाहिलं. आधी तिचा चेहरा नुसता कोरा झाला. मग तिच्या तोंडून जो आवाज निघाला, तो मी कधी ऐकला नव्हता. तिने कपाळ व्हीलचेअरच्या हातावर आपटलं. मी धरायला गेलो तर तिने मुठीने माझ्या टकलावर मारलं, पुन्हा पुन्हा, कालच्या कापलेल्या जागेतून रक्त येईपर्यंत. हातातल्या बांगड्या ती भिंतीवर आपटू लागली. त्या प्लास्टिकच्या होत्या, फुटेनात, म्हणून ती आणखी चिडली.

"कोण गेलं?" ती ओरडली. "कोण गेलं ते सांग आधी."

"कोणी नाही गेलं, आई."

"मग हे डोकं? छापून आलंय का?"

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"पेपरात छापून आलंय का, ते सांग," ती म्हणाली.

"नाही, आई. कुठेच छापून आलेलं नाही."

"मग खोटं आहे," ती म्हणाली, आणि धापा टाकत मागे टेकली. मग बोलायला लागली. मला ओळखून बोलत होती की नाही, देव जाणे. पण शब्द सगळे जागच्या जागी होते.

तेव्हा ती माहेरी होती, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तिचे वडील वकील. तालुक्याच्या गावी इंग्रजी पेपर घेणारे ते एकटेच, आणि तो ते मोठ्याने वाचत. त्या दिवशी वाचता वाचता थांबले. कोणी म्हणालं, तार करून विचारून घेऊ. ते म्हणाले, छापून आलंय, आता काय विचारायचं. दहाव्या दिवशी परसात न्हाव्याला बोलावलं. आत्याने तिचे हात पाट्याच्या दगडावर आपटून बांगड्या फोडल्या. काचा मनगटात गेल्या.

"चौघांनी धरलं मला," ती म्हणाली. "भावाने पाय धरले. आत्या पाठीवर बसली. मी न्हाव्याचा अंगठा चावला, तर बाबांनी थोबाडीत मारली. मी सांगत होते, हे गेले नाहीत, मला कळलं असतं. न्हावी रडत होता. बाबा म्हणाले, हात चालव."

वडील सुखरूप असल्याचं पत्र आलं तेव्हा सगळं उरकलं होतं. वकील आजोबांनी ते वाचलं, घडी घातली आणि घरात सांगितलं, कोणी विचारलं तर टायफॉइडने केस गेले म्हणायचं. आईला लग्नानंतर टायफॉइड झाला होता, हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. केस पुरते वाढेपर्यंत तिला मागच्या खोलीबाहेर येऊ दिलं नाही.

मी स्टूलवर तसाच बसून होतो. कानामागून रक्त ओघळत होतं. वकील आजोबा समोर असते तर या वयात मी त्यांच्यावर हात टाकला असता. काकांवरही. तो छापलेला मजकूर मीच तर आदल्या आठवड्यात व्यवस्थित टाइप करून, स्पेलिंग तपासून, जगाला सापडेल असा जपून ठेवला होता.

मग मला वडील आठवले. नागपूरला रविवारी दुपारी ते आईच्या मागे पाट घेऊन बसायचे आणि तिचे केस विंचरायचे. एवढा तापट माणूस, पण फणी अडकली की हात थांबवून विचारायचा, "ओढू का?" आई हो म्हणाली तरच पुढे. सगळी आळी आम्हाला त्यावरून चिडवायची. मलाही लाज वाटायची, आणि मी खिडकी लावून घ्यायचो.

पंजाबी मुलीकडून मी कोमट पाणी, खोबरेल तेल आणि स्वच्छ फडकी मागून घेतली. मशीन खोलीबाहेर ठेवायला सांगितलं. आईच्या मागे बसलो आणि जटेच्या टोकापासून सुरुवात केली. तेल लावायचं, भिजू द्यायचं, एकेक बट बोटांनी सोडवायची.

"ओढू का?" मी विचारलं.

तिचे खांदे दगडासारखे झाले. मग ती म्हणाली, "हळू."

दोनदा तिने मागे हात करून माझं मनगट ओरबाडलं, एकदा तेलाची वाटी उडवून दिली. मी पुन्हा तेल आणलं. बाहेर अंधार पडेपर्यंत जखम मोकळी झाली. नर्सने येऊन ती धुतली आणि केस दोन्ही बाजूंना सारून पट्टी बांधली. एकही केस कापावा लागला नाही. मॅनेजरबाईंना तसं कळवते म्हणाली.

मी आईसमोर येऊन खाली बसलो. तिने हात पुढे केला. मारणार म्हणून मी डोळे मिटले. पण ती माझ्या टकलावरून बोटं फिरवत होती, कापलेल्या जागांपाशी थांबत होती. तेलाने तिची बोटं बुळबुळीत झाली होती.

"तुला किती जणांनी धरलं रे?" तिने विचारलं.

मी म्हणालो, कोणी नाही. ते तिला खरं वाटलं नाही.